किती ‘एक्स’चा झूम?

मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात किंवा कुठल्याही शहरातल्या बऱ्यापैकी कॅमेऱ्याच्या दुकानात शनिवारी संध्याकाळी तासभर उभं राहावं. एक प्रश्न हमखास कानावर पडतो: ‘झूम किती एक्सचा आहे?’ विचारणाऱ्याला ताडोबाला जायचं असतं, नाहीतर भिगवणला. गेल्या खेपेला मोबाइलवर काढलेल्या फोटोतला वाघ शोधून दाखवावा लागला होता आणि ते दुःख अजून ताजं असतं. काउंटरमागचा माणूस आकडा सांगतो, आकडा मोठा असला की समाधान होतं, आणि पाचदहा मिनिटांत सौदा पटतो. गंमत अशी की या सगळ्या संभाषणात लांबचं किती जवळ दिसेल, या प्रश्नाला कुणी हातच लावलेला नसतो.

‘एक्स’ हा साधा भागाकार आहे. लेन्सची सर्वांत मोठी फोकल लेंथ भागिले सर्वांत लहान. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८–५५ मिलिमीटरची किट लेन्स तीन एक्सची. पक्षी टिपणाऱ्यांच्या गळ्यात हल्ली सर्रास दिसणारी १५०–६०० ही जेमतेम चार एक्सची. आणि टॅमरॉनने २०१७ मध्ये आणलेली १८–४०० तब्बल बावीस एक्सची! तरीही झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी मोठा दिसतो तो चार एक्सवालीतूनच, कारण ती ६०० मिलिमीटरपर्यंत जाते आणि बावीस एक्सवाली ४०० वर थांबते. झूम म्हणजे फोकल लेंथ बदलता येणं, एवढंच. लांबचं जवळ आणणं हे टेलिफोटोचं काम. एकाच नळीत दोन्ही कामं होतात म्हणून बोलण्यात दोन्ही शब्दांचा काला झाला, इतकंच.

इतिहासातही ही दोन वेगळी घराणी आहेत. टेलिफोटो थोरलं. लंडनच्या थॉमस डॅलमायरने १८९१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढे बहिर्गोल भिंगांचा आणि मागे अंतर्गोल भिंगांचा गट बसवला, की नळीची लांबी फोकल लेंथपेक्षा कमी ठेवता येते, ही त्यातली युक्ती. साध्या स्थिर कॅमेऱ्यासाठी झूम लेन्स बाजारात यायला मात्र १९५९ साल उजाडलं. फोख्टलेंडर कंपनीची ही ‘झूमार’ फ्रँक बॅक यांची. चित्रपट आणि टीव्हीसाठीच्या झूम लेन्स त्यांनी चाळीसच्या दशकातच केल्या होत्या. झूमारची मजल ३६ ते ८२ मिलिमीटर. तिच्यातून रस्त्यापलीकडच्या माणसाचाही चेहरा धड भरत नसे, पण झूम म्हणून ती अस्सल होती.

मग विचारायचं काय? शेवटचा आकडा किती, हे. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरचं दृश्य साधारण डोळ्याला दिसतं तसं धरलं, तर ४०० मिलिमीटर म्हणजे आठपट. पक्षी पाहणारी मंडळी वापरतात ती ८×४२ची दुर्बीणही आठपटच. म्हणून ज्यांना फक्त बघायचं आहे, फोटोचा सोस नाही, त्यांनी खरं तर लेन्सच्या दुकानाची पायरी चढूच नये. बऱ्या दुर्बिणीला चांगल्या लेन्सच्या किमतीचा एक तुकडाच पुरतो, ती दिवसभर गळ्यात राहते आणि दोन्ही डोळ्यांनी दिसतं. हा सल्ला दुकानात सहसा मिळत नाही.

फोटो हवाच असेल, तर एक हिशेब कागदावर करून पाहण्यासारखा आहे. सेन्सरवर पडणारी प्रतिमा किती मोठी? वस्तूचा आकार गुणिले फोकल लेंथ, भागिले अंतर. आपल्याकडचा छोटा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत सोळा सेंटिमीटर धरू. ओढ्यापलीकडच्या फांदीवर, वीस मीटरवर तो बसला आहे. ३०० मिलिमीटरच्या लेन्सने त्याची प्रतिमा सेन्सरवर पडते २.४ मिलिमीटरची. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद. म्हणजे खंड्या चौकटीच्या पंधराव्या हिश्शात. ६०० लावली की ४.८ मिलिमीटर. अजूनही सातवा-आठवा हिस्साच! हजारो रुपये जास्त मोजून ६०० घेतलेल्यांचा पहिला अपेक्षाभंग होतो तो इथेच. उलट, ३०० वाला दबक्या पावलांनी दहा मीटर पुढे सरकला आणि खंड्या उडाला नाही, तर त्यालाही तेच ४.८ मिलिमीटर मिळतात, फुकटात. पक्षी उडाला नाही तर, ही अट मात्र लहान नाही.

लहान सेन्सरचा फायदा हा यातला पुढचा गुंता. निकॉन-सोनीच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांवर दीडपट, कॅननवर १.६ पट, मायक्रो फोर थर्ड्सवर दुप्पट, असं सांगितलं जातं आणि ऐकणाऱ्याला वाटतं की ३०० ची लेन्स खरोखरच ४५० ची झाली. तसं काही होत नाही. खंड्याची प्रतिमा २.४ मिलिमीटरचीच राहते. तिच्याभोवतीची चौकट तेवढी लहान होते. तरी हा फायदा अगदीच खोटा नाही. चोवीस मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यात त्या २.४ मिलिमीटरवर सुमारे चारशे पिक्सेल येतात, तितक्याच मेगापिक्सेलच्या एपीएस-सीमध्ये सहाशेच्या वर. पक्ष्यांच्या मागे लागलेले अनेक जण खिशात पैसे असूनही एपीएस-सी सोडत नाहीत, ते याच हिशेबाने.

हाच मार्ग शेवटपर्यंत नेला की निकॉन पी-१००० सारखा कॅमेरा हाती येतो. २०१८ मध्ये आलेल्या या कॅमेऱ्याची १२५ एक्स, ३००० मिलिमीटर अशी जाहिरात वाचून भल्याभल्यांचे डोळे विस्फारले. लेन्सवर छापलेली खरी फोकल लेंथ ५३९ मिलिमीटर आहे. पौर्णिमेचा चंद्र त्यातून सेन्सरवर पाचेक मिलिमीटरचा पडतो, फुल फ्रेमवरच्या ६०० मधून पडतो जवळपास तेवढाच. फरक असा की पी-१००० चा सेन्सरच सहा मिलिमीटरच्या आसपास रुंद, त्यामुळे चंद्र चौकटीतून वर-खाली सांडतो. चंद्रावर ऊन पडलेलं असतं, तो भरपूर उजळ असतो, म्हणून फोटोही झकास येतो. हाच कॅमेरा संध्याकाळी साडेसहाला बांबूच्या बेटातल्या बिबट्यावर रोखला, की टोकाचं एफ ८ चं अ‍ॅपर्चर आणि इवलेसे पिक्सेल मिळून चित्राचं जलरंगात रूपांतर करतात. भर उन्हात पक्षी ओळखण्यापुरता फोटो हवा असेल, तर मात्र या जातीच्या कॅमेऱ्याला नाक मुरडण्याचं कारण नाही. एकाच वस्तूत सगळं येतं, आणि किंमत मोठ्या लेन्सच्या मानाने बेताची.

मोबाइलच्या ‘शंभर एक्स’चा विषय दोन ओळींत संपतो. काही एक्सपर्यंत खरं भिंग काम करतं, पुढे चित्र ताणलं जातं आणि गाळलेल्या जागा सॉफ्टवेअर भरतं. २०२३ मध्ये एकाने मुद्दाम धूसर केलेलं चंद्राचं चित्र पडद्यावर लावून सॅमसंगच्या फोनने टिपलं, तर फोटोत मुळात नसलेले बारकावे उमटले.

आता प्रत्यक्ष जागेवर जाऊ, कारण किती मिलिमीटर हवेत याचं उत्तर जागेगणिक बदलतं.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटरवर भिगवण. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, उथळ पाण्यात चोची खुपसून चरत असतात. डिकसळ, कुंभारगावचे मच्छीमार होडीतून तिथवर नेतात. मोठा रोहित चार फुटांहून उंच. होडी चाळीस मीटरवर थांबली, तर ४०० मिलिमीटरमध्ये एकटा पक्षीच चौकटीची निम्मी उंची व्यापतो. थवा उडाला आणि पंखांखालचा तो लाल-काळा रंग उघडला, की ४०० सुद्धा जास्त होते. वीस-पंचवीस पक्षी एका चौकटीत बसवायला २०० पर्यंत मागे यावं लागतं. झूमचा खरा उपयोग असा मागे येण्यासाठीच असतो, पण विकत घेताना याचा विचार कुणी करत नाही. त्याच फुगवट्याच्या काठावर हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब बसलेले असतात. ते बुजरे, होडीला जवळ फिरकू देत नाहीत. तिथे ६०० हवी, आणि तीही अपुरी वाटते.

ताडोबात उलटा प्रकार. शेपूट सोडून वाघाची लांबी सहाएक फूट धरा. जिप्सीपासून पंधरा मीटरवर तो रस्ता ओलांडतो आहे. ६०० मिलिमीटरमध्ये त्याची प्रतिमा होते ७२ मिलिमीटरची आणि सेन्सर तर ३६ चा! अर्धा वाघ बाहेर. १५०–६०० ची लेन्स १५० वर आणली की तो नीट मावतो. पण वाघ आणखी जवळ आला, सहा-सात मीटरवर, तर १५० सुद्धा तोकडी पडते आणि १००–४०० वाला मजेत फोटो काढत असतो. सफारीतली जुनी मंडळी १००–४०० ला चिकटून असतात, त्यामागे हा अनुभव आहे. जुन्या काळी कॅननची १००–४०० पंपासारखी पुढे-मागे ढकलावी लागे. १९९८ ची ती लेन्स अजूनही सेकंडहँड बाजारात फिरताना दिसते.

थोडक्यात, प्राण्यांसाठी १००–४००, पक्ष्यांसाठी १५०–६०० किंवा २००–६००, आणि नुकती सुरुवात असेल तर ७०–३००. हे ढोबळ झालं. त्याहून भरवशाची खूण प्रत्येकाच्या संगणकातच असते. गेल्या दोन वर्षांतले आवडलेले फोटो उघडावेत आणि प्रत्येक फोटोच्या माहितीत नोंदलेली फोकल लेंथ पाहावी. निम्मेअधिक फोटो लेन्सच्या शेवटच्या टोकावर घेतलेले असतील आणि तरी कापून मोठे करावे लागले असतील, तर पुढची पायरी चढायला हरकत नाही. नाहीतर मुंबई-पुण्यात मोठ्या लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. एक शनिवार-रविवार ती मानेवर वागवून पाहावी. पुष्कळांचा निर्णय रविवारी दुपारपर्यंत बदलतो.

तो बदलतो वजनामुळे. टॅमरॉनची पहिली १५०–६०० सुमारे १९५० ग्रॅमची होती. सिग्माने २०१४ मध्ये त्याच मापाच्या दोन लेन्स जाहीर केल्या. ‘कंटेम्पररी’ १९३० ग्रॅमची, ‘स्पोर्ट्स’ २८६० ग्रॅमची. कागदावर वाचताना हा फरक किरकोळ वाटतो. पण डोक्यावरच्या फांदीत शिंजिर नाचतो आहे आणि आता स्थिरावेल, मग स्थिरावेल म्हणत पाच मिनिटं हात वर धरले आहेत, अशा वेळी जवळजवळ किलोभराचा तो फरक मनगटाला कळतो. कॅननची आरएफ १००–५०० फक्त १३७० ग्रॅमची. शंभर मिलिमीटर कमी मिळाले तरी चालतील, पण लेन्स घरी राहायला नको, असं म्हणणाऱ्यांची ती लाडकी.

वजन येतं कुठून? प्रकाशातून. फोकल लेंथला अ‍ॅपर्चरच्या आकड्याने भागलं की प्रकाश आत येण्याच्या वाटेचा व्यास मिळतो. ६०० भागिले ६.३ म्हणजे ९५ मिलिमीटर, आणि या १५०–६०० लेन्सपैकी बऱ्याच जणींचा फिल्टर नेमका ९५ मिलिमीटरचा असतो. तीच ६०० जर एफ ४ ची हवी असेल, तर १५० मिलिमीटरचं भिंग लागतं, छोट्या थाळीएवढं. मग वजन तीन किलोच्या पुढे जातं आणि किंमत दहा लाखांच्या वर. क्रिकेटच्या मैदानावर सीमारेषेबाहेर रांगेने मांडलेल्या पांढऱ्या तोफा यांच्याच कुळातल्या. उन्हात तापू नये म्हणून त्यांचा रंग फिका. बदल्यात काय मिळतं? एफ ६.३ च्या अडीचपट प्रकाश. जंगलात पहाटे एफ ४ वर आयएसओ १६०० ने भागत असेल, तर एफ ६.३ वाल्याला ४००० करावा लागतो आणि फोटोत थोडे दाणे दिसतात. पंधरा वर्षांपूर्वी या फरकाने फोटो बाद व्हायचा. आताचे सेन्सर आणि दाणे घालवणारी सॉफ्टवेअर पाहता हौशी माणसाने त्यासाठी घर गहाण टाकू नये.

टेलिकन्व्हर्टर ही स्वस्तातली पळवाट. १.४ एक्सचा कन्व्हर्टर ४०० ला ५६० करतो आणि प्रकाश निम्म्यावर आणतो. २ एक्सचा ८०० करतो आणि प्रकाश एक चतुर्थांश उरतो. एफ ६.३ च्या लेन्सवर २ एक्स लावला की जवळजवळ एफ १३. ऑटोफोकस चाचपडतो, चित्र मऊ पडतं. महागड्या एफ ४ लेन्सवर कन्व्हर्टर शोभतो. झूमवर लावायचाच तर १.४ च्या पुढे जाऊ नये.

फोटो हललेला आला की दोष बहुतेकदा लेन्सला दिला जातो. जुना नियम असा की ६०० मिलिमीटरला शटर निदान सेकंदाच्या सहाशेव्या भागाचा हवा. कॅननने १९९५ मध्ये ७५–३०० लेन्समध्ये हाताची थरथर शोषणारी यंत्रणा बसवली, ती आता सगळीकडे पोहोचली आहे, आणि बसलेल्या पक्ष्याचा फोटो बऱ्याच कमी शटरलाही निभावतो. उडणाऱ्या पक्ष्याचे पंख मात्र ती थांबवत नाही. तिथे सेकंदाचा दोन हजारावा भाग लागतोच. होडीत ट्रायपॉड उभारणाऱ्यांना मोटारीची थरथर पायांतून थेट लेन्समध्ये मिळते. हातात धरणं किंवा काठावर बीन बॅग टेकवणं बरं. सफारीला जाणारे अनुभवी लोक रिकामी पिशवी घेऊन निघतात आणि मुक्कामाच्या गावात दोन किलो तांदूळ भरतात. प्रवासात वजन नाही, आणि परतीच्या आदल्या रात्री त्या तांदळाचा भात होतो.

एवढं सगळं जमूनही एका गोष्टीपुढे लाखांची लेन्स हात टेकते. हवा. मे महिन्यातल्या दुपारी चंद्रपूरच्या तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या लाटांमधून दोनशे मीटरवरचं चितळ पाहिलं, तर त्याची कड पाण्यात धरल्यासारखी हलते. मृगजळाचीच ही भावंडं. फोटो धूसर येतो, माणूस फोकसला शिव्या देतो, दुकानदाराशी भांडतो. फोकल लेंथ जितकी जास्त, तितक्या या लाटाही मोठ्या होऊन दिसतात. एसी चालू असलेल्या गाडीची काच अर्धी उघडून बाहेर लेन्स काढली, तरी गार-गरम हवेचं मिश्रण तेच करतं. उपाय दोनच: पहाटे जाणं किंवा जवळ असणं.

आणि मग पावसाळा. कोकणात, मुंबईत कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी लागते, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू भिंगावर पसरतात. झूम करताना नळी पुढे सरकणाऱ्या लेन्स भात्यासारखी हवा आत ओढतात आणि हवेबरोबर ओल व धूळही. सोनीची २००–६०० किंवा निकॉनची १८०–६०० यांची नळी लांबत नाही. सरकतात ती आतली भिंगं. या लेन्सचा तोलही झूम केल्यावर ढळत नाही. ज्यांना ड्राय कॅबिनेट परवडत नाही, त्यांना घट्ट झाकणाचा मोठा डबा आणि सिलिका जेल पुरतं. जेल तेवढं वरचेवर वाळवायला हवं. चामड्याचं देखणं कव्हर मात्र ओल धरून ठेवतं. जुनी लेन्स घेताना दोन्ही झाकणं काढून मागच्या बाजूने मोबाइलची टॉर्च मारावी आणि पुढून तिरकं पाहावं. विकणाऱ्याला याचा राग आला, तर तेवढ्यावरच निघून यावं.

भिगवणच्या होडीत लांब लेन्सचा आणखी एक उपयोग कळतो. चरणारे रोहित माना खाली घालून असतात. होडी एका मर्यादेपलीकडे गेली, की आधी एक-दोन माना वर येतात, मग सगळ्याच. थवा एका दिशेने चालू लागतो, पावलं भराभर पडू लागतात, आणि त्यानंतर उड्डाण. उडतानाचा फोटो हवा म्हणून ‘अजून जवळ घ्या’ असा आग्रह धरणारे पर्यटक असतातच. पण त्या थव्याची चरण्याची वेळ तेवढ्याने मोडते आणि दिवसभरात अशा होड्या एकामागून एक येत असतात. पहिली मान वर झाली की नावाड्याला इंजिन बंद करायला सांगावं, होडी आहे तिथे तरंगू द्यावी, आणि उरलेलं अंतर झूमच्या रिंगने कापावं. पाचसात मिनिटांत माना पुन्हा खाली जातात.